हिरीतल्या सात जणी

मागच्या महिन्यात भाचीनं व्हॉट्सॅपवर एक चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, "मावशी, तुमच्या हिरीतल्या बाया सापडल्या बघ." चित्र जुनं आहे, वॉटरहाऊस नावाच्या इंग्रज चित्रकाराचं, १८९६ चं, आता मँचेस्टरच्या आर्ट गॅलरीत असतं. गर्द हिरवं पाणी, कमळाची पानं, काठावर वाकलेला एक तरणा पोरगा, आणि पाण्यात उभ्या असलेल्या पोरी, केसात फुलं माळलेल्या, सगळ्यांचं ध्यान त्या पोराकडं. एकीनं त्याचा हात धरलाय. आधी मी नुसतंच बघितलं, मग मोजल्या. सात. परत मोजल्या, सातच.

आता मराठवाड्यातल्या माणसाला पाण्यात सात बाया म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात देव्या! आमचं गाव परभणी जिल्ह्यात, सेलूकडचं, आणि आमच्या मळ्यातली हीर दगडात बांधलेली जुनी, एका अंगाला मोटेची धाव, थारोळं, दुसऱ्या अंगाला आत उतरायच्या पायऱ्या. पायऱ्या उतरताना उजव्या हाताला भिंतीत एक देवळी आहे, त्यात सात गोटे, शेंदूर लावलेले, इतका शेंदूर की आतला दगड कसा आहे ते कुणालाच माहीत नाही. आजीचे नियम होते. चपला वर काढून उतरायचं, पायरीवर थुंकायचं नाही, पाण्यात चूळ टाकायची नाही, केस मोकळे सोडून जायचं नाही. आणि ऐन बाराला तर बिलकूल जायचं नाही. मी एकदा गेले होते, कैऱ्या धुवायला, तर आजी धावत आली, "कामून गेलतीस गं ऐन बाराच्या पारी? आसरा अंघोळीला बसल्यात तिथं!" आणि मग मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. माझी छाती दोन दिवस धडधडत होती.

तर त्या चित्रातल्या पोराची गोष्ट शोधायला म्हणून मी बसले आणि महिना झाला तरी उठले नाही असं झालंय. रोज रात्री सगळं आवरलं की थोडं थोडं वाचते. त्याबद्दल लिहायचंय.

त्या पोराचं नाव हायलास. हेराक्लिस म्हणजे ज्याला आपण हर्क्युलस म्हणतो त्याचा हा लाडका सोबती. सोन्याची लोकर आणायला अर्गो नावाचं जहाज निघालेलं असतं, वाटेत ते मिसिया नावाच्या मुलखात थांबतं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा वायव्येकडचा भाग, आणि संध्याकाळच्या जेवणासाठी पाणी आणायला हायलास घागर घेऊन झऱ्यावर जातो. घागर पाण्यात बुडवतो तेवढ्यात आतून हात येतात. बस. थिओक्रिटस नावाच्या कवीनं साधारण बावीसशे-तेवीसशे वर्षांपूर्वी हे लिहिलंय, त्याच्या कवितेत पाण्यात तीन निम्फ, म्हणजे पाण्यातल्या बाया, आहेत, अपोलोनियस नावाच्या दुसऱ्या कवीच्या काव्यात एकच आहे, सात तर चित्रकारानं केल्या. म्हणजे सातचा मेळ आपल्याशी बसला तो योगायोगच, त्यानं काही साती आसरा बघितल्या नव्हत्या. पण थिओक्रिटसच्या कवितेत एक जागा आहे जिथं मी थांबले ती थांबलेच. हेराक्लिस रानात हाका मारत फिरतो, जीव तोडून तीनदा हाक मारतो, आणि पोरगा तिन्ही वेळा ओ देतो. पण पाण्याखालून देतो. म्हणून आवाज बारीक येतो, अगदी जवळ असून लांबून आल्यासारखा.

नंतर त्या भागात दरवर्षी लोक डोंगरात जाऊन हायलासच्या नावानं हाका मारत फिरायचे असं स्ट्रॅबो या भूगोलकारानं नोंदवून ठेवलंय. म्हणजे पोर गेलं, आणि गावानं शेकडो वर्षं हाक मारणं सोडलं नाही.

आमच्या हिरीनंही एकीला नेलंय. माझी थोरली आत्या. नऊ वर्षांची होती. मी तिला बघितलेलं नाही, तिचा फोटो नाही, घरात तिचं नाव कुणी घेत नव्हतं. एवढंच ऐकलेलं की बहात्तरच्या दुष्काळाच्या कितीतरी आधी, अण्णा म्हणजे माझे वडील सहा वर्षांचे होते तेव्हा, ती पाण्याला गेली आणि आली नाही. बुडाली असं घरात कुणीही म्हणत नव्हतं. "आसरांनी नेली" असं म्हणायचे. शाळा शिकल्यावर मला या वाक्याचा राग यायचा. कठडा नव्हता, पायरीवर शेवाळ होतं, पोरीच्या कमरेवर तिच्या ताकदीपेक्षा जड घागर दिली होती, हे सगळं सोडून आसरांवर कसं ढकलता असं वाटायचं. तो राग खोटा नव्हता. पण हे ग्रीक वाचताना तो थोडा निवळलाय, का ते सांगते.

आधी या निम्फ कोण ते थोडक्यात. ग्रीकांकडं डोंगराच्या, झाडांच्या, समुद्राच्या वेगवेगळ्या निम्फ आहेत, त्यातल्या गोड्या पाण्याच्या त्या नायड. झऱ्याच्या, नदीच्या, तळ्याच्या, दलदलीच्या, प्रत्येकीला वेगळं नाव. समुद्रातल्या नेरीड ५०, नेरियस नावाच्या म्हाताऱ्या सागरदेवाच्या पोरी. आणि ओशनस म्हणजे पृथ्वीभोवती वाहणारी महानदी, त्याच्या पोरी ३०००, असं हेसिओड हा कवी सांगतो. आणि एवढ्या सगळ्या असल्या तरी नायडचं तसं काही मोठं राज्य नाही. ती एका झऱ्याची असते. तोच झरा, तेच तळं, तिथलीच. बदली नाही तिची. आणि ती अमरही नाही, हे मला माहीत नव्हतं. प्लुटार्क नावाच्या लेखकानं हेसिओडच्या नावावर एक हिशेब दिलाय, माणसाच्या नऊ पिढ्यांएवढा कावळा जगतो, चार कावळ्यांएवढं हरीण, तीन हरणांएवढा डोमकावळा, नऊ डोमकावळ्यांएवढा फिनिक्स पक्षी, आणि दहा फिनिक्सएवढ्या निम्फ. मी कागदावर गुणाकार केला, ९७२० येतात. म्हणजे लई मोठं आयुष्य, पण संपणारं. झाडाच्या निम्फबद्दल तर एका जुन्या स्तोत्रात स्पष्टच आहे की झाड वठलं की तिचाही जीव जातो. मग झऱ्याची झरा आटल्यावर कुठं जाईल?

आपल्या आसरा हा शब्द अप्सरापासून आलाय, आणि अप्सरामधलं अप् म्हणजे पाणीच. इंद्राच्या दरबारात नाचणाऱ्या त्या नंतर झाल्या, मुळात पाण्यातल्या. ऋग्वेदात पुरूरवा आणि उर्वशीचं बोलणं आहे, त्यातही ती पाण्याची, त्याच्या हाताला न लागणारी. दरबारातली अप्सरा पुस्तकात राहिली आणि पाण्यातली आमच्या हिरीवर राहिली असं मला वाटतं. आणि हिरीवरची मला जास्त जवळची वाटते.

आता नियमांचं. हेसिओड साधारण सत्तावीसशे वर्षांपूर्वीचा, स्वतः शेतकरी, भावाशी वाटणीवरून भांडण झालेला, म्हणजे आपल्याकडचाच वाटेल असा माणूस. त्यानं भावाला उद्देशून एक लांबलचक कविता लिहिलीय, त्यात नांगर कसा करावा, पेरणी कधी, बैल कसे घ्यावेत असं सगळं आहे, आणि मधेच तो सांगतो की वाहतं पाणी ओलांडायच्या आधी हात धुवायचे, पाण्याकडं बघून प्रार्थना करायची, मगच पाय घालायचा. आणि झऱ्यात लघवी करायची नाही, कधीच नाही. हे वाचलं आणि मला आजीचा आवाजच आला कानात.

त्याहून एक मोठी गोष्ट. अथेन्सजवळ हायमेटस डोंगराच्या पायथ्याशी एक गुहा आहे, वारी नावाच्या गावाजवळ. आपल्या वारीशी त्या नावाचा काही संबंध नाही, पण मराठी डोळा त्या शब्दावर अडतोच. या गुहेत निम्फचं ठाणं होतं, साधारण चोवीसशे वर्षांपूर्वीचं. आर्केडेमॉस नावाच्या एका माणसानं ते सजवलं. तो थेरा बेटाचा, म्हणजे परमुलखातून आलेला. त्यानं खडकात पायऱ्या केल्या, अक्षरं कोरली, निम्फसाठी बाग लावली असं स्वतःच लिहून ठेवलं, आणि खडकात स्वतःचं चित्रही कोरलं, हातात हत्यारं घेतलेलं, पाथरवटासारखं. स्वतःला तो एक शब्द लावतो, त्याचा अर्थ निम्फनी धरलेला. झपाटलेला म्हणा. आमच्याकडं म्हणतात ना, "त्याला आसरा लागल्या." आमच्याकडं ते ऐकलं की घरचे घाबरून देवऋषाकडं नेतात, आणि हा माणूस ते आपल्या नावापुढं अभिमानानं कोरतो. आयुष्य घातलं असणार त्यानं त्या गुहेत. आणि त्याच गुहेत एक पाटी कोरलेली आहे, देवाधर्माचं त्यात काही नाही, सरळ सूचना आहे, आतडी बाहेर धुवा आणि शेण साफ करा. म्हणजे बोकड कापायचा असेल तर कापा पण घाण निम्फच्या पाण्यात करू नका! मला ही पाटी सगळ्यात जास्त आवडली. आमच्याकडंही आखाडात हिरीवर नैवेद्य असतो तेव्हा आजी बायकांना ओरडून सांगायची, "खरकटं वरी घ्या, हिरीत न्हाई!"

सॉक्रेटिस पण यात येतो. एका दुपारी तो गावाबाहेर इलिसस ओढ्याच्या काठाला एका मोठ्या झाडाखाली बसतो, पाय पाण्यात सोडून बघतो किती गार आहे ते, आजूबाजूला बाहुल्या आणि मूर्ती वाहिलेल्या दिसतात, त्यावरून म्हणतो की ही जागा निम्फची दिसतेय. आणि मग बोलता बोलता सोबतच्या पोराला सांगतो, मधेच मला निम्फनी धरलं तर नवल वाटून घेऊ नको. आख्ख्या जगाला तर्कानं बोलायला शिकवणारा माणूस, तोही झऱ्याकाठी बसल्यावर असं म्हणतो.

ऐन बाराचं भ्यासुद्धा तिकडं आहेच. ग्रीसच्या खेड्यांत अगदी अलीकडपर्यंत नेराइदा म्हणून मानत होते, नेरीडचाच तो आजचा शब्द, आता ती समुद्रापुरती राहिली नाही, झऱ्यावर, हिरीवर, ओढ्याच्या वळणावर असते, पांढरे कपडे, देखणी, आणि भर दुपारी तिच्या जागेवरून एकट्यानं जायचं नाही. ग्रीक देव गेले, चर्च आलं, पण पाण्यावरची बाई गेली नाही. आमच्याकडंही निजामाचं राज्य गेलं, मोट गेली, इंजिन गेलं, मोटर आली. देवळीतले गोटे तिथंच.

एक गोष्ट अशी सापडली की मी आईला फोन करून सांगितली. थेटिस नावाची नेरीड आहे. तिचं लग्न पेलिअस नावाच्या माणसाशी लावून देतात, तिच्या मनाविरुद्ध, तो तिला धरतो तेव्हा ती आग होते, पाणी होते, सिंह होते, तो सोडत नाही. मग पोरं होतात. पोरांमधलं मरण काढून टाकायचं म्हणून ती पोर विस्तवात धरायची, एका जुन्या कथेत तर उकळत्या पाण्यात टाकायची, आणि त्यात काही पोरं गेली. शेवटी पेलिअस बघतो, ओरडतो, पोर हिसकावतो, आणि ती त्याच क्षणी घर सोडून पाण्यात परत जाते. वाचलेलं पोर म्हणजे अकिलीस, ट्रॉयच्या लढाईतला सगळ्यात मोठा योद्धा. मी वाचता वाचताच म्हटलं, अरे ही तर गंगा! शंतनूची गंगा, सात पोरं पाण्यात सोडली, आठव्याला राजानं अडवलं, आणि ती निघून गेली. आठवा म्हणजे भीष्म. दोन्हीकडं पाण्यातली बाई, माणसाशी लग्न, पोरं जातात, नवरा मधे बोलतो, बाई परत पाण्यात, आणि उरलेलं पोर आयुष्यभर लढत राहतं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाण्यातल्या बाईला घरात कोंडलं तर काय व्हईल दुसरं."

इलियड या ट्रॉयच्या लढाईवरच्या काव्यात पुढं अकिलीसचा जिवलग मित्र मरतो, तो जमिनीवर पडून रडतो आणि समुद्राच्या तळाशी बसलेल्या थेटिसला ते ऐकू येतं. ती तिथंच आक्रोश करते, सगळ्या बहिणी भोवती जमतात, कवी एकेकीचं नाव घेतो, तीसच्या वर नावं आहेत. मग सगळ्या मिळून पाणी दुभंगत वर येतात. हायलासची ओ पाण्यातून वर नीट पोचत नाही. आईला मात्र वरचं रडणं तळाशी ऐकू येतं.

इथं जरा जमिनीचं सांगते, कारण माझ्या डोक्यात हे एकत्रच फिरतंय. ग्रीसमधला बराचसा दगड चुनखडीचा. चुनखडी पाण्यात विरघळते, आत पोकळ्या होतात, नदी एका जागी जमिनीत गडप होते आणि लांब कुठंतरी झरा होऊन बाहेर येते. आल्फिओस नदी अशीच मधे मधे जमिनीखाली जाते. त्यावरून त्यांची अरेथुसाची गोष्ट. अरेथुसा नदीत अंघोळ करत असते, नदीचा देव आल्फिओस तिच्या मागं लागतो, ती पळते, पळून पळून दमते, तेव्हा आर्टेमिस देवी तिचं पाणी करून टाकते, आणि ते पाणी समुद्राच्या खालून जाऊन थेट सिसिलीत सिराक्यूजला वर येतं. तो झरा आजही आहे, समुद्राला चिकटून, गोड्या पाण्याचा, आत पपायरस उगवलेला. ऑलिंपियाला नदीत टाकलेला पेला सिराक्यूजच्या झऱ्यात वर आला असंही लोक सांगत. ते काही खरं नसणार, पण नदी जमिनीखाली जाते हे ज्यांनी रोज डोळ्यानं बघितलंय त्यांनाच अशी गोष्ट सुचू शकते.

आपल्या मराठवाड्याचा दगड वेगळा. काळा बेसॉल्ट, लाव्ह्याचे थर. पाणी मुरमात थोडं, फटीत थोडं, पोकळ्या नाहीत की खालून वाहणाऱ्या नद्या नाहीत. पाऊस मुरला तेवढं पाणी, उपसलं की संपलं. म्हणून आपल्या जुन्या लोकांनी बारवा बांधल्या, पाण्यापर्यंत माणसाला चालत जाता यावं अशा. सेलू तालुक्यातच वालूरला बारव आहे, गोल गोल फिरत खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची, जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जुनी मंदिरं आहेत तिथंही आहे. बारवेत उतरताना देवळ्या असतात, मूर्ती असतात, पाण्याजवळ जाईपर्यंत तुम्ही चारदा कुणाला तरी हात जोडता. आणि आता बोअर. आमच्याकडं २००३ साली घेतला, पाणाड्यानं हातावर नारळ ठेवून जागा दाखवली, ४०० फुटांवर पाणी लागलं. नंतर शेजाऱ्यांनी ५०० घेतले, मग कुणी ६००. आई बोअरच्या केसिंगला पण हळदीकुंकू लावते पण एकदा म्हणाली, "ह्याला काय दिसतंय गं, पाणी कुठून यायलंय ते. कुणाला हात जोडावं?" सहा-साडेसहा इंचाचं भोक. त्यात कोण बसणार अंघोळीला!

आता मुख्य सांगायचंय ते. निम्फ या ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता जलदेवी असा नाहीच. त्याचा पहिला अर्थ नवरी. लग्नाला आलेली पोरगी, नवी नवरी, तिलाही निम्फच म्हणायचे. अथेन्समध्ये लग्नाच्या आधी नवरीला अंघोळ घालायला कॅलिरोई नावाच्या झऱ्याचं पाणी वाजतगाजत आणायचे, त्यासाठी खास उंच मानेचं मातीचं भांडं असायचं, लुट्रोफोरॉस. लग्न झालं की ते भांडं निम्फच्या ठाण्यात वाहून टाकायचे, अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर असं ठाणं खणून काढलंय, भांड्यांचा नुसता खच सापडला तिथं. आमच्याकडं लग्नाचं नाही पण बाळंतपणाचं आहे, सव्वा महिना झाला की बाळंतीण हिरीवर जाते, पाण्याची पूजा करते, मगच घागर भरते.

आणि मग ही ओळ वाचली. ज्या पोरी, पोरं लग्नाआधी गेली त्यांच्या थडग्यावर तेच नवरीच्या अंघोळीचं भांडं ठेवायचे. जे पाणी तिला कधी मिळालं नाही त्याचं भांडं.

मी मोबाईल बाजूला ठेवला. कारण मला कासारीण आठवली.

आखाडात, हिरीवरच्या नैवेद्याच्या आदल्या दिवशी कासारीण घरी यायची, ओसरीवर पेटी उघडायची. आईला दोन सहाच्या, आजीचा हात मोठा, तिला अडीचच्या, मला माझ्या मापाच्या, ज्या मी दोन दिवसांत फोडायचे. सगळ्यांचं झालं की आजी म्हणायची, "हिरव्या दे गं डझनभर, सव्वादोनच्या." घरात सव्वादोन कुणाचंच माप नव्हतं. कासारीण काही विचारायची नाही, कागदात बांधून द्यायची. दुसऱ्या दिवशी देवळीपुढं ओटी भरायची, दहीभात ठेवायचा, आणि आजी त्या बांगड्या घेऊन एकटी खालच्या पायरीपर्यंत जायची. आम्हाला वाटायचं देवीचा चुडा आहे. आईलाही तेच वाटायचं. आजी १९९८ ला गेली, तोपर्यंत एक आखाड चुकला नाही.

इजिप्तमध्ये तुना एल-गबल म्हणून जागा आहे, तिथं इसिडोरा नावाच्या एका पोरीचं थडगं आहे, साधारण अठराशे वर्षांपूर्वीचं, नाईलच्या काठावर राहणारं ग्रीक बोलणारं घर असणार. भिंतीवर बापाच्या नावानं कविता आहे, तिच्यात म्हटलंय की इसिडोरा, तुझी ही खोली निम्फनी बांधली, पाण्याच्या लेकींनी, नाईलच्या थोरल्या लेकीनं सुरुवात केली. बापाला काय माहीत नसेल खोली कुणी बांधली ते? गवंडी त्यानंच लावले असतील, पैसे त्यानंच मोजले असतील. तरी तो लिहितो निम्फनी बांधली. म्हणजे पोर एकटी नाहीये, थोरल्या बहिणी आहेत तिथं, असं त्याला म्हणायचं असणार. "आसरांनी नेली" या वाक्याचा मला राग यायचा तो इथं निवळला. मला वाटायचं घरातले अंग काढून घ्यायलेत. आणि आजी तर लेक कुठं नांदायलीय तेवढंच सांगत होती.

२०१६ चा उन्हाळा कुणी विसरलं नसेल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, १२ एप्रिलला पहिली गाडी आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. आमच्याकडं पाण्याची रेल्वे नव्हती पण हीर तळाला गेली होती, बोअर फुसफुस हवा टाकत होता. बहात्तरलाही हिरीत कमरेएवढं पाणी होतं असं अण्णा सांगतात, म्हणजे ती पूर्ण उपसून गाळ कधी निघालाच नव्हता. त्या मे महिन्यात यारी लावली, दोघं जण खाली उतरले, टोपल्यात गाळ भरून वर. काळा, वास मारणारा, लोण्यासारखा मऊ गाळ. दोन दिवस नुसता गाळ, मग तुटकी घागर, दोराचा तुकडा, कुणाचातरी तांब्या. तिसऱ्या दिवशी यारीवाला म्हणाला, काकू, ह्यात काचा लागायल्यात हाताला.

आईनं आणि मी तो ढीग थारोळ्यात पसरला आणि बादलीभर टँकरचं पाणी हळूहळू ओतत धुतला. हिरव्या काचा. तुकडे तर किती, मोजता येणार नाहीत, पण अख्ख्याही होत्या, मऊ गाळात पडल्यामुळं राहिल्या असतील. पंधरा-वीस अख्ख्या निघाल्या. आता त्या देवळीत ठेवल्यात, गोट्यांच्या मागं. आई बायकांच्या सवयीनं मापानं लावायला लागली, मोठ्या एकीकडं, लहान एकीकडं. आणि तिचा हात थांबला. सव्वादोनच्या होत्याच. पण दोनच्याही होत्या. पावणेदोनच्या होत्या. आणि दोन बांगड्या दीडच्या, लहान पोरीच्या मनगटाच्या.

आई सून म्हणून आली तोवर माप सव्वादोनवर येऊन थांबलेलं होतं, त्यामुळं तिनं फक्त सव्वादोनच बघितलं. त्याच्या आधी ते दरसाली वाढत आलं होतं हे आजीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

अण्णा धावेवर बसून बघत होते. उठून आले, खाली बसले, दीडच्या दोन्हीतली एक उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली, चार बोटं त्यात घालून बघितली, गेली नाहीत. म्हणाले, "ही सेलूच्या बाजारातली. मी होतो संग. मला म्हणली घरी सांगू नको." एवढंच. मग बांगडी जिथल्या तिथं ठेवली, कठड्याला हात टेकवून खाली वाकले आणि त्या दोघांना ओरडून सांगितलं, "हळू काढा रे पोरांनो. काच हाय खाली."